व्हॉल्व्हवाला

रमिला, घे चार्ज.
सात वाजून वीस झालेत, मी काही बोलणार नाही,
तुझी अडावदची बस आजही रस्त्यात बसली असणार.

वॉर्डात खाटा तीस. माणसं त्रेचाळीस.
तेरा जमिनीवर, त्यातली एक थेट उंबऱ्याशी,
तिथं वारा लागतो म्हणाली.
वारा कसला. रात्री दोनला भिंतीला हात लावला
तर भिंतीलाच ताप.
थर्मामीटर दोन आहेत. निळ्यावर विश्वास ठेव,
दुसरा सगळ्यांना अठ्ठ्याण्णवच सांगतो.

चार नंबर, वीटभट्टीवरचा पोरगा, ऊन लागलेलं.
आता पाणी मागतोय, म्हणजे बरा आहे.
नऊला विंचू. उतरला.
अकराचं सलाईन...
थांब, अकराच्या आधी सतराचं सांगते.

सतराला हिलालअप्पा.
हृदय थकलंय, पाय सुजून खांब झालेत,
आडवं झालं की गुदमरतात, म्हणून रात्रभर बसून.
वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या केळीत ड्रिपचे व्हॉल्व्ह फिरवले त्यांनी.
कुठल्या नळीत माती बसलीय
ते अंधारात कानानं कळायचं म्हणे.
आता त्यांनाच दिवसाला एक लिटर पाणी, मोजून.

परवा मी ओरडले त्यांच्यावर.
शेजारच्या सलाईनच्या चाकाकडे हात गेला होता.
"अप्पा, हे केळीचं नाही!"
हात मागे घेतला. म्हणाले,
"माले माहीत शे, बाई. पन थेंब तो थेंबच शे ना."

काल मी एकटी.
दुसरी जागा तीन वर्षं रिकामी,
तिसरीवरची शहनूर जर्मन शिकून उडाली.
तिकडं एका सिस्टरला सहा पेशंट, फोनवर म्हणाली,
मग आम्ही दोघी जरा वेळ
काहीच बोललो नाही.

पावणेदोनला उमर्टीहून जीप आली.
पहिलटकरीण, डोकं दिसत होतं.
मी वॉर्ड टाकून लेबर रूममध्ये.
काय करणार होते? तूच सांग.

थोड्या वेळानं दारावर काठी वाजली.
बाहेर अप्पा, भिंतीला धरून.
"अकरानी बाटली सरनी."
त्यांनी हात लावला नव्हता, बरं का.
एवढं लांब, त्या पायांनी,
फक्त सांगायला आले होते.
मी धावत गेले, बंद केली, परत आले.
अर्ध्या तासानं पुन्हा काठी. "बावीस."
मी म्हणाले, बरं झालं सांगितलंत.
जाऊन झोपा म्हणाले नाही.
रमिला, मी झोपा म्हणाले नाही.

मुलगी झाली. अडीच किलो, रडली लगेच.

पहाटे चारला अप्पांचा श्वास उसळला,
ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. इंजेक्शन दिलं, नळी लावली.
डॉक्टर म्हणाले, जळगावला पाठवा.
गाडी यावलच्या रस्त्यावर कुठेतरी.
रजिस्टरमध्ये मी लिहिलंय, 'रात्री अस्वस्थ, फिरत होते.'
कशासाठी फिरत होते
याला रकाना नाही.

पोर्टलला आहेत रकाने.
साडेचारला प्रसूती चढवायला बसले, नेट गेलं,
पुन्हा बसले.
'उपस्थित कर्मचारी', तिथं आकडाच लागतो.
एक टाकला.
बोट जरा वेळ तिथंच राहिलं.

गेटवर बारा मेचा बॅनर अजून आहे, 'परिचारिका' लिहिलेला.
उन्हानं एक बाजू सुटलीय, पेशंटांच्या अंगावर फडफडतो.
जमलं तर काढून घे,
उंबऱ्याशी झोपलेल्या बाईला
खिडकीवर आडोसा होईल.

माझी ऑर्डर या महिन्यात संपते. अकरा महिने झाले.
नवी निघाली तर जूनमध्ये भेटू.

हां, अकराचं राहिलंच.
बाटली साधारण नऊला संपेल.
तुला लक्षात ठेवावं लागणार नाही,
सतरा नंबर सांगेल.

उठू देऊ नकोस त्यांना.