चौऱ्याण्णव ग्रॅम

कुडचड्याला, रेल्वे फाटकापलीकडच्या भंगारअड्ड्यात
एर्मेलिंदाबाईंच्या खाणावळीतला फ्रिज उताणा पडलाय.
दारावर सांत आंतोनीचा स्टिकर,
आत बांगड्याचा वास अजून शिल्लक.

सालू पक्कड घेऊन तयारच.
तांब्याची नळी दाबायची. फिस्स. झालं.
"वास नाही, रंग नाही. गेलं तर कुणाचं गेलं?"

थांब रे, दहा मिनिटं.

नळीला व्हॉल्व्ह टोचतो, यंत्र घरघरायला लागतं.
पिवळ्या टोपीची टाकी काट्यावर,
आणि आकडा सरकतो,
मासळीवाली तागडीत शेवटी
एक मुडदुशी वरून टाकते ना, तेवढाच.

चौऱ्याण्णव ग्रॅम.

सालूच्या वहीत तांबं आहे, पत्रा आहे, कॉम्प्रेसर आहे.
याला रकाना नाही.
मी सांगतो, ही एवढी हवा म्हणजे
एक मोटार दिल्लीला जाऊन परत आली, तेवढा धूर.
शिवाय वर, जिथं घारही पोचत नाही,
तिथल्या छपराला भोक.

तो हसतो. हसू दे.
मडगावच्या दुकानात अकरा वर्षं
मीच उडवत होतो, अंगठ्यानं व्हॉल्व्ह दाबून.
अंगठा गार पडायचा.
उन्हाळ्यात बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

पाठीतल्या फोममध्येही तो आहेच, कणाकणात.
त्याला माझ्याकडे यंत्र नाही.

सालूनं फ्रिज वजनाला चढवला, डोळे बारीक केले.
"चौऱ्याण्णव ग्रॅम कमी भरला.
तुझ्या पैशातून कापू?"

काप म्हटलं.
पण वहीत लिही.