पोच

पेपर फुटला. तिसऱ्यांदा.
अभ्यासिकेतून थेट उठून आले ते,
चाळीस-पन्नास जण, मे महिन्याच्या भर दुपारी,
चपलांना वितळलेलं डांबर,
बोटांना सराव परीक्षेची निळी शाई.

घोषणा माझ्या टेबलापर्यंत येतात
तेव्हा त्यांचा कागद झालेला असतो.
मी ढोके, आवक-जावक, तहसील कार्यालय, घाटंजी.
सत्तावीस वर्षांत एवढा राग
तालुक्यात दुसऱ्या कुणी हाताळला नसेल,
तोही एका टाचणीत.

निवेदनावर वर लिहिलेलं असतं
प्रति, मा. राष्ट्रपती, नवी दिल्ली.
खाली जरा बारीक अक्षरात
मार्फत, तहसीलदार.
या दोन ओळींच्या मधे
जेवढी कोरी जागा सुटते
तेवढाच देश मी पाहिला आहे.

सर्वांत पुढे यामिनी कोवे. घसा पार बसलेला.
"काका, खरं सांगा, हे तिथं पोचते काय?"

काय सांगू?
सोमवारी टपाल निघतं यवतमाळला,
तिथं त्याला दुसरा नंबर पडतो.
त्यापुढचं मला कुणी सांगितलं नाही
आणि मीही विचारलं नाही.
दोन वर्षांमागं इथंच गळा फाडून ओरडलेला पोरगा
आता चौकातल्या फलकावर आहे,
पांढऱ्या शर्टात, हात जोडून,
वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली.
तो मात्र पोचला.

माझ्या मागे खिडकी आहे.
तीन काचा आणि एक प्लायवूड.
चौथी मी फोडली, पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत,
बारावीचं केंद्र आमच्या गावाला द्या म्हणून.
दगड असा बसला की माझा मलाच धाक वाटला.
पोलीस यायच्या आत आम्ही पळसाच्या रानात.
बाप याच कचेरीत शिपाई. काचा त्यानं झाडल्या.
बोलला काहीच नाही.
रात्री अंगठ्यातला तुकडा काढताना
कंदील तेवढा मला धरायला लावला.

केंद्र आलं, चार वर्षांनी.
फीत कापणाऱ्यांनी दगडाचं नाव काढलं नाही,
आणि आता मलाही छातीठोक सांगता येत नाही
की ते दगडानं आलं,
की येणारच होतं,
की कुणाच्या साळ्याला तोवर
इमारत भाड्यानं द्यायची होती.
बाप गेला, त्याच्या जागी मला घेतलं.
खुर्ची नेमकी या खिडकीखाली.
प्लायवूडमुळे उन्हाची तिरीप लागत नाही.
माझ्या क्रांतीची एवढी सावली माझ्या वाट्याला आली,
तिच्यात मी म्हातारा झालो.

पहिल्या वर्षीची यादी मीच आवक केली होती,
एकोणीस मुली.
बाराव्या नंबरावर यामिनीची माय.
हे तिला सांगावंसं वाटलं,
जिभेवर आलंही.
मग वाटलं, उपकारासारखं वाजेल,
किंवा त्याहून वाईट,
घरी जा, चार वर्षं थांब, असं.

मागं कुणी मोबाईल उंच धरलेला.
एका पोराला भोवळ आली, त्याला माठाजवळ बसवलं.
साहेब मीटिंगमध्ये. साहेब कायम मीटिंगमध्ये.

मी नंबर टाकला, सही केली,
तिच्या प्रतीवर शिक्का हाणला.
"ही घे पोच."

सगळे वळले. ती वळली नाही.
कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचत राहिली,
पोलीस भरतीची जाहिरात वाचावी तशी,
अटी-शर्तींसकट.

"काका, तारीख कालची हाय."

खरंच होती.
सकाळपासून बावीस कागद गेले होते माझ्या हातून,
दाखले, फेरफार, रेशनच्या तक्रारी,
सगळे कालच्या तारखेचे.
कुणी बोललं नव्हतं.

"बदला," ती म्हणाली. बसलेल्या आवाजात,
घोषणेसारखं नाही, साधं.

शिक्क्याचं चाक गंजलेलं.
अंगठ्यानं फिरेना.
चष्मा काढला, नख घातलं,
ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी,
आणि मी फिरवतोय.