खणखणीत

उद्यमनगरात माझं दुकान म्हणजे
दोन लेथच्या मध्ये उरलेली फट.
शटर वर केलं की आधी लोखंडाचा कीस झाडायचा,
मग देवाला उदबत्ती.

ती आली तेव्हा पाळी नुकतीच सुटली होती.
अनसाबाई कुरणे, फौंड्रीत कोअरच्या खात्यावर.
वाळूत काकवी मळून मळून
तिच्या हातांना गुऱ्हाळाचा वास,
जरासा करपलेला.

रबरानं बांधलेला फोन काउंटरवर ठेवला.
"अकरा वर्सं झाली. आता ह्यो नुसता ऐकतोय,
बोलत न्हाई."
उघडून बघितलं.
स्पीकरच्या चुंबकाला लोखंडाची दाढी आलेली.
नऊ, आठ, दोन, सहा पार पुसलेले,
तीन आणि पाच मात्र कोरे करकरीत,
जसं त्यांना कुणी कधी कामालाच बोलावलं नाही.

"एकच नंबर लावता काय मावशी?"
"फोरमनचा. पाटं पाचाला लावतो रोज.
भट्टी लागणार का न्हाई, कळाय नगं?
न्हाईतर सरनोबतवाडीवरनं चालत यायचं
आन् कुलपाकडं बघून माघारी जायचं."

मी माझ्या सवयीनं मोठाच काढला.
काच, तीन डोळ्यांचा कॅमेरा, हप्त्याची सोय.
"अंगठा ठेवा," म्हटलं.
तिनं ठेवला. पुसून ठेवला. फुंकर मारून ठेवला.
वाळूनं अंगठ्याच्या रेघा कधीच घासून नेलेल्या.
रेशनच्या मशीनची तीच तऱ्हा, म्हणाली,
आणि फोन माझ्याकडं सरकवला:
"मला वळखत न्हाई
त्येला मी घरी कशाला नेऊ?"

मग बटणांचे तीन मांडले.
रंग विचारला नाही.
झाकण नखानं निघतंय का,
सेल गेला तर दुसरा मिळंल का,
शेजारणीचा चार्जर बसंल का,
हातमोज्यातनं बटण लागतंय का.
एकेक तळहातावर घेऊन
नखानं टकटक केलं, कानाशी नेलं.

"प्लॅस्टिक आहे मावशी, ते काय वाजणार?"
"चीर गेलेलं कास्टिंग भद्द बोलतंय.
ह्येच्यात काय हलतंय का, तेवढं बघतो."
एकात काहीतरी हलत होतं.
मला कधीच ऐकू आलं नव्हतं ते.
तो तिनं बाजूला ठेवला, पालथा.

मग, न विचारता,
दुसरा हातातनं सोडला.

शहाबादी फरशी. माझ्या पोटात गोळा.
झाकण स्टुलाखाली, सेल दाराशी.
ती वाकली, सगळं वेचलं,
तिचं तिनंच बसवलं, लाल बटण दाबून धरलं.
फोन गायला लागला.
"हां," एवढंच म्हणाली.

"चौदाशे पन्नास."
"बाराशेला दे."
"का म्हणून?"
"पडल्याला हाय की."

तेराशेवर मिटलं.
जुन्यातलं सिम नव्यात घातलं.
तिनं आकडे बघितले नाहीत, बोटं आपोआप गेली.
दोन्हीकडनं लेथ किंचाळत होते, तरी
फोरमनचा आवाज काउंटरपलीकडं मला आला:
"लागतीया उद्या. या."

साडेतीन वर्षं झाली.
एवढ्यात माझ्या खिशातला तिसरा फोन चालू आहे,
त्याच्याही कोपऱ्याला कोळ्याचं जाळं.
ती परत आली नाही.
धंद्याच्या हिशोबानं वाईट गिऱ्हाईक.

पण नवा माल आला की
मी एकेक खोका फोडतो, तळहातावर घेतो,
नखानं टकटक करतो, कानाशी नेतो.
शेजारचा लेथवाला हसतो.
हसू दे.
अजून मला फारसं ऐकू येत नाही.