नकार वीस ग्रॅमच्या आत बसतो

एकोणचाळीस नंबरच्या दाराशी चोवीस बटणं.
बटणाशेजारी नाव, नावाखाली जुन्या नावाचा डिंक.
सत्तावीस वर्षं मी नॉयकोल्नच्या या गल्लीत टपाल वाटते,
कालव्यापासून बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत.
मला माणसं आधी आडनावांनी पाठ होतात,
चेहरे मागाहून, कधी कधी नाहीच.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात जिना कोबीचा होता:
पहिल्या मजल्यावर लीप्शरबाईंकडे नुसता उकडलेला,
तिसऱ्यावर ग्युन्दोदूंकडे त्याच पानांत भात भरलेला.
कोळशाच्या बादल्या नाझमिये वर न्यायची,
आधी म्हातारीची, मग स्वतःची.
लीप्शरबाई तरी कुरकुरायच्याच,
या जिन्यात हल्ली जर्मन कानावर पडत नाही म्हणून.

मग अबू-खलील आले, मग पेत्कोव्ह;
एका बटणावर सहा आडनावं
चिकटपट्टीखाली दाटीवाटीने नांदत होती.
लीप्शरबाई गेल्या. त्यांचं नाव कोणी काढलं नाही
दोन वर्षं.

मग मालक बदलला. नवा मालक माणूस नव्हता,
लक्झेंबर्गमधली एक टपालपेटी होता.
त्याची पाकिटं जाड यायची: लिफ्ट बसवणार,
बाल्कन्या काढणार, भिंतींना ऊब देणार,
आणि शेवटच्या पानावर, चौकटीत, नवं भाडं.

ती जाड पाकिटं संपली की पिवळी सुरू होतात.
पिवळं पाकीट कोर्टाचं.
पेटीत टाकण्याआधी त्यावर तारीख घालायची, खाली सही.
त्या दिवसापासून मुदत मोजतात.
नाझमियेच्या पाकिटावरचा सात माझाच आहे,
मधे आडवी रेघ असलेला,
शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला सात.

कोळशाच्या वखारीच्या जागी आता नवी इमारत आहे.
बाहेर फलक: सर्वांना परवडेल असं घर.
एक्केचाळीस घरांतली बारा
सरकारी दाखला असणाऱ्यांसाठी.
बघायला बोलावलं त्या शनिवारी
रांग चौकातून रस्त्यावर, रस्त्यावरून बेकरीपर्यंत.
माझ्या ढकलगाडीला लोकांनी वाट करून दिली
आणि मी रांगेच्या कडेने
माझा अर्धा मार्ग ओलांडला:
धाकटा पेत्कोव्ह, छातीशी बांधलेलं बाळ,
रात्रपाळीहून थेट आलेली अबू-खलीलांची सून,
तीन विद्यार्थी, एक निवृत्त ट्रामचालक,
आणि नाझमिये, काखेत फाइल,
पायात लग्नाला घालायचे बूट.
"आमचं काही आलंय का?" रांगेतूनच विचारलं तिने.

उत्तरं तीन आठवड्यांनी आली, एकाच दिवशी.
उघडावी लागत नाहीत. हातात घेतली की कळतं.
होकारासोबत करार असतो, अर्ज असतात, चाव्यांची पावती.
नकार वीस ग्रॅमच्या आत बसतो.
त्या दिवशी माझी पिशवी फार हलकी होती.

नाझमिये मार्त्सानला गेली, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ.
टेम्पोत कपाट मावलं नाही,
ते अजून अंगणात आहे, पावसाने दारं फुगली आहेत.
तिसऱ्या मजल्याच्या बटणाशेजारी आता नाव नाही,
रेलिंगला एक छोटी कुलूपपेटी, आत किल्ली.
दर शुक्रवारी चाकांच्या बॅगा खडखडत येतात,
रविवारी खडखडत जातात. त्यांना पत्रं येत नाहीत.
नाझमियेची नात खालच्या कॅफेत कॉफी करते,
तासभर प्रवास करून येते. परवा म्हणाली,
"या गल्लीत हल्ली तुर्की कानावर पडत नाही,
जर्मनसुद्धा नाही."
मला हसू आलं. का, ते तिला सांगितलं नाही.

पत्ताबदलाची मुदत सहा महिन्यांची होती, ती संपली.
तरी डिसेंबरात औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर आलं,
नाझमिये ग्युन्दोदू, तिसरा मजला, डावीकडे.
अशा टपालावर खूण करून ते परत पाठवायचं असतं.
चौकोनापुढे छापलंय:
या पत्त्यावर अशी व्यक्ती ठाऊक नाही.
कोणाला ठाऊक नाही, ते छापलेलं नाही.

कॅलेंडर माझ्या पिशवीच्या मागच्या कप्प्यात आहे.
रविवारी ट्राम पकडून नेऊन देईन म्हणते.
मार्च लागला.