कुकरची रिंग

तासवडे टोलनाका, रात्री आठ सत्तेचाळीस.
पैसे वजा झाल्याचा मेसेज.
शीतलदादाचा फोन पोलिसांनी पिशवीतून परत दिला
तेव्हा सगळ्यात वर तोच होता.
आई अजून माझ्याकडून वाचून घेते.
"म्हणजे आठ सत्तेचाळीसला चांगला होता."
हो आई, चांगला होता.
तासवड्यापासून नेर्ल्यापर्यंत किती वेळ लागतो
हे दुधगावात, आमच्या घरात, कुणी काढत नाही.

भेटायला येणारे विचारतात, स्पीड किती होता.

गाडी कासेगाव ठाण्याच्या आवारात, बाभळीखाली.
विम्याच्या माणसानं फोटो काढले, कागदावर लिहिलं :
टोटल लॉस.
अण्णांनी विचारलं, म्हणजे काय हो?
दुरुस्तीचा खर्च किमतीपेक्षा जास्त, तो म्हणाला.
अण्णा बराच वेळ मान हलवत राहिले,
सौद्यात हळदीचा दर पडलेला ऐकावा तसे.

डिकीतलं एक खोकं शाबूत निघालं.
त्यात आईच्या कुकरची रिंग.
जुना कुकर, सांगलीत त्याची रिंग मिळेना,
मारुती रोड झाला, गणपती पेठ झाली,
शेवटी तोच म्हणाला होता, पुण्यासनं आणतो, तू कटकट करू नको.
काळी, गोल. एक ओरखडा नाही.
वहिनीनं ती गाडीच्या चावीच्या खिळ्याला अडकवली.
खिळा रिकामाच होता.

आई दिवस मावळायच्या आत जेवते, या घरात आल्यापासून.
अंधार पडला की ओटा पुसून कोरडा.
फक्त दादासाठी नऊला, साडेनऊला गॅस पेटायचा.
स्वतः पाण्याचा घोटही न घेता भाकरी गरम करायची, म्हणायची,
पोराचं पोट आहे, पाप माझ्या खात्यावर मांडा.
दोन महिने झाले, तिच्या खात्यावर काही नाही.

काल पार्श्वनं स्टुलावर चढून रिंग काढली.
दोन्ही हातांत धरून सोप्यात बसला,
तोंडानं गाडीचा आवाज,
डावीकडं वळला, उजवीकडं वळला, हॉर्न दिला.
वहिनी उठून आत गेली.
मी भिंतीकडं बघत राहिले.

आईनं त्याच्या हातातून रिंग घेतली. रागावली नाही.
धुतली. झाकणात बसवली.
बाहेर दिवे लागले होते.
आत्ता? वहिनी दारातून म्हणाली.
पोराला भूक लागलीय, आई म्हणाली.

शिट्टी व्हायला वेळ लागला.
रिंग नवी होती, अजून घट्ट बसायची होती.
झाली तेव्हा अण्णा परड्यातून आत आले,
चपलांसकट,
आणि कोण आलंय म्हणून विचारलं.