दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही,
मामा म्हणाले होते, मी हा कोर्स घेतला तेव्हा.
भरतं, मामा. गुलटेकडीला, दहा ते आठ,
रविवारी अर्धा दिवस.

आज कोंडाबाई. मार्केट यार्डात कांदा निवडतात.
खुर्चीत बसल्या तरी तोंडावरचा पदर हटेना.
"मिसरीनं काळं झालंय गं सगळं."
आरसा मुठीत धरून कोमट केला, म्हटलं,
दुखलं की डावा हात वर करा.

चाळीस वर्षांचा थर.
हात एकदाही वर आला नाही.
खुर्चीचा दांडा मात्र घट्ट.

चूळ भरली. जीभ फिरवली दातांमागून,
थांबल्या.
"फटी लागत्यात की!"
पुन्हा फिरवली.

पायऱ्या उतरून परत वर आल्या:
मिसरीची डबी राहिली होती.
मी दिली.
सहा महिन्यांनी या, म्हटलं.