सहा अंडी, दीड पौंड

कर्कबी स्टीफनच्या अलीकडे, वळणावर,
दगडी कुंपणात एक लाकडी कपाट आहे.
आत अंडी, पत्र्याचा डबा,
झाकणाला चीर, आणि खडूनं लिहिलेलं:
सहा अंडी, दीड पौंड. कृपया.
बस्स. माणूस नाही, कॅमेरा नाही.
समोर माळावर मेंढ्या,
त्यांना हिशेबाशी देणंघेणं नाही.

मंगळवारी माझ्याकडे एक पौंड तीस होते.
टाकले. अंडी घेतली. निघाले.
ॲपलबीपर्यंत अकरा मैल
उरलेले वीस पेन्स शेजारच्या सीटवर
पट्टा न लावता बसून होते.

खरं तर वीस पेन्स नव्हते ते.
ते होते मिस्टर पोस्लथवेट.
गेल्या महिन्यात त्यांच्या डबीत
पाचाऐवजी दहाच्या गोळ्या भरल्या, मी,
बदली फार्मसिस्ट, अकराव्या तासाला.
शुक्रवारी डबी परत घेऊन आले, म्हणाले,
या खेपेला झोप छान लागली हो, पोरी.
लेबलवर पाच. तळाशी उरलेली एक गोळी, दहाची.
ती मी मुठीत घेतली.
ब्रायनी मागे चहा करत होती.

वडील सांगोल्यात कंपाउंडर होते. म्हणायचे,
जनाची नाही तर मनाची तरी.
जन तर इथे नाहीतच, धुकं आहे.
मनाला विचारलं.
मन म्हणालं, म्हातारा बरा आहे ना?
मन म्हणालं, दमली होतीस गं.
मन म्हणालं, नोकरी गेली तर घराचा हप्ता?
मन माझ्याच घरात वाढलेलं,
माझंच मीठ खाल्लेलं,
साक्षीला उभं केलं तर
माझ्याच बाजूनं बोलणार.

मग तिसरी कुणाची?

गाडी वळवून अंधारात त्या कपाटापाशी आले
तेव्हा उत्तर आलं, ते उबदार नव्हतं.
शाळेतल्या भूमितीसारखं आलं, पायरीपायरीनं.
समज, दमलेल्या प्रत्येक हातानं
आपली चूक मुठीत घेतली.
मग लेबलवरचा पाच, पाच राहील का?
कशाच्या भरवशावर पोस्लथवेट
चष्मा न लावता गोळी जिभेवर ठेवतील?
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
पण हे सव्वा लाख येतात कुठून?
दुसऱ्यांनी मुठी उघड्या ठेवल्या,
त्यांतून.

त्यांना झोप लागली, हे माझं पुण्य नव्हे.
नसती लागली, काही भलतं झालं असतं,
तरी चूक तेवढीच असती: पाच मिलिग्रॅम.
आणि गप्प राहणं
त्याहून निराळं, त्याचं वजन
कुठल्याच काट्यावर येत नाही.

वीस पेन्स चिरेतून टाकले.
वाजले. बरं वाटलं.
बरं वाटलं म्हणूनच जरा संशय आला.

रात्री फॉर्म भरला, सात पानांचा.
'काय घडलं' या चौकटीत
'गोळी बदलली गेली' असं लिहिलं,
मग खोडून
'मी बदलली' असं.
इतका वेळ एका क्रियापदाला लागतो
हे व्याकरणात कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी पोस्लथवेटना फोन केला.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मागे रेडिओवर हवामान चाललं होतं.
मग म्हणाले, म्हणजे ती झोप
माझी नव्हतीच म्हणायची.
यावर मला काही सुचलं नाही.
भूमितीत हे नव्हतं.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.
दुकानातून अजून काही कळवलेलं नाही.
सहा अंड्यांत एक तडकलेलं निघालं.
ते आधी खाल्लं.